श्टोलहोफेनची तटबंदी आणि विभाताई

विभाताईंना किळस यायला फार काही लागत नसे. गणपतीच्या कार्यक्रमात मॅनेजरच्या बायकोची पर्स सांभाळत उभा असलेला इंजिनीअर दिसला की त्यांना किळस येई. चार वर्षं इथे राहून 'जपानी लोक किती शिस्तीचे' एवढं एकच वाक्य बोलणाऱ्या बायकांची येई. खोटं बोलणाऱ्या माणसाचा तर त्यांना म्हणे वासच यायचा. मग त्या 'शी!' म्हणत. हळू म्हणत नसत. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आपल्या मंडळींत त्यांच्या ह्या 'शी'चा चांगलाच दरारा होता. भिशीत त्यांना बोलवावं की नाही यावर दोनदा चर्चा झाली आणि दोन्ही वेळा, न बोलावलं तर त्या काय म्हणतील ह्या भीतीने बोलावलं गेलं.

त्या इथे आल्या २००६ साली. नंदकिशोर, म्हणजे त्यांचा नवरा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर दोन वर्षांसाठी म्हणून आला आणि राहिला. पुण्यात विभाताईंनी अकरा वर्षं कॉलेजात जर्मन शिकवलं होतं. टोकियोत त्यांच्या जर्मनला कोण विचारतो! पहिली तीन वर्षं त्यांनी जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात काढली. घरात अंडं न शिजवणारी ही बाई रोज चार तास भातावर माशाचे तुकडे मांडायची आणि घरी येऊन कोपरापर्यंत हात घासायची. नंदकिशोर म्हणायचा, "अगं, सोडून दे ना." त्या म्हणायच्या, "घरात बसून तुझ्या टीमच्या गप्पा ऐकण्यापेक्षा मासे बरे."

२००९ साली वॉर्डाच्या ग्रंथालयातल्या फळ्यावर त्यांना एक चिठ्ठी दिसली. जुनी जर्मन हस्तलिपी वाचणारं माणूस हवं होतं, आठवड्यातून तीन दिवस. विभाताईंनी ती लिपी आयुष्यात पाहिली नव्हती, पण पुण्यात हौसेने दोन वर्षं मोडी शिकल्या होत्या. हात न उचलता लिहिलेलं अक्षर वाचायला डोळ्यांपेक्षा धीर जास्त लागतो, हे त्यांना मोडीने शिकवलं होतं. चिठ्ठी लावणारे ओकुमुरा सेन्सेई, म्हणजे ओकुमुरा सर, हे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी विभाताईंसमोर तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कागदाचा फोटो ठेवला आणि चहा करायला आत गेले. चहा घेऊन आले तोवर विभाताईंनी चार ओळी लावल्या होत्या आणि पाचवीशी भांडत होत्या.

ओकुमुरा सेन्सेईंनी तीस वर्षं एकाच विषयाला वाहिली होती. श्टोलहोफेनची तटबंदी. तीस वर्षांत त्यांनी त्या तटबंदीवर छापलेलं सगळं वाचलं होतं. हाताने लिहिलेलं एक अक्षर वाचलं नव्हतं, कारण येत नव्हतं. हे कळल्यावर विभाताईंना पहिली शिसारी आली ती तिथे. पण कागद इतके जिवंत होते की त्यांनी ती गिळली.

ती तटबंदी अशी. जर्मनीच्या पश्चिमेला ऱ्हाइन नदी, आणि नदीपलीकडे फ्रान्सचा राजा, त्याची नजर कायम अलीकडच्या मुलखावर. नदी आणि काळ्या जंगलाचे डोंगर यांच्यामध्ये पाचेक कोसांची सपाट पट्टी. सैन्य यायचं तर ह्याच पट्टीतून. म्हणून १७०१ पासून दोन वर्षांत डोंगरातल्या बूल गावापासून नदीकाठच्या श्टोलहोफेनपर्यंत खंदक खणला गेला, मातीचा तट उभा राहिला, त्यावर लाकडी खुंटांची रांग आली. शिवाय ओढ्यांना बांध घातले, म्हणजे वेळ आली की दारं टाकून समोरचं रान पाण्याखाली घालता यावं. १७०३ मध्ये फ्रेंच चालून आले, डोकं आपटून परत गेले. सगळीकडे वाहवा झाली. चार वर्षांनी, १७०७ च्या मे महिन्यात, ते पुन्हा आले. तटावर पुरेशी माणसं नव्हती, आणि होती त्यांना लढायची इच्छा नव्हती. नाव घेण्यासारखी लढाईसुद्धा झाली नाही. शिपाई तोफा आणि दारूगोळा जागच्या जागी टाकून पळाले आणि इतकी गाजलेली तटबंदी एका दिवसात संपली.

एवढं छापील पुस्तकांत होतं. विभाताई वाचत होत्या ते कागद तटाच्या आतल्या एका खेड्यातल्या शाळामास्तरचे होते. गावातर्फे तो वरच्या अधिकाऱ्यांना अर्ज करायचा. त्याच्या अर्जांतून विभाताईंना कळलं की खंदक कोणी खणला. पेरणीच्या दिवसांत घरटी एक माणूस वेठीला नेला, माणूस नसेल तिथे बाई नेली. शत्रूसाठी अडवलेलं पाणी आधी गावाच्याच कुरणांत शिरलं. 'तिसऱ्या वर्षीही गवत कुजलेलंच निघालं, गुरं ते खाऊन मरतात, पोरांना ताप येतो, दारं महिनाभर तरी उघडावीत अशी विनंती आहे.' अर्जाच्या कडेला कुणा साहेबाने तिरप्या अक्षरात लिहिलेलं असायचं: वाचलं.

आणि शेवटचा अर्ज होता १७०७ च्या उन्हाळ्यातला. 'फ्रेंच येत आहेत असं ऐकून आम्ही गुरंढोरं घेऊन डोंगरात जाणार होतो. आम्हांस सांगण्यात आलं की घरं सोडू नका, तटबंदी आहे. आम्ही सोडली नाहीत.' पुढे दोन पानं नुसती मेलेल्यांची नावं होती, आणि त्यांवर कुणी 'वाचलं' असंही लिहिलं नव्हतं.

ते पान वाचलं त्या दिवशी विभाताई घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. नंदकिशोरने विचारलं तर म्हणाल्या, "तीनशे वर्षांपूर्वी एका माणसानं खोटं सांगितलं आणि मला आज ओकारी येतेय. काय करू?" नंदकिशोरने त्यांना लिंबू-सरबत करून दिलं.

मग २०११ चा मार्च आला. भूकंप आणि त्सुनामीनंतरच्या आठवड्यात हिगाशी-कसाईतल्या इमारती निम्म्या रिकाम्या झाल्या, माणसं मिळेल त्या विमानाने मुंबई गाठत होती. नंदकिशोर बँकेच्या कामासाठी राहिला आणि विभाताई निव्वळ रागाने राहिल्या. त्यानंतर देशभर एक शब्द सुटला. किझुना, म्हणजे माणसामाणसांतला बंध. दूरदर्शनवर किझुना, स्टेशनात किझुना, बिस्किटांच्या पुड्यावरही किझुना. ज्यांचं खरंच काही गेलं होतं त्यांच्या तोंडून विभाताईंनी तो शब्द फारसा ऐकला नाही.

आणि ह्या शब्दाने ओकुमुरा सेन्सेईंचं नशीब उघडलं. किनाऱ्यावर प्रचंड उंच भिंती बांधायचं ठरत होतं. अशा भिंतींचे आराखडे करणाऱ्या एका सल्लागार कंपनीला शोध लागला की टोकियोत एक म्हातारा प्राध्यापक तटबंद्यांचा इतिहास जाणतो. तीस वर्षांत ज्यांना कोणी हिंग लावून विचारलं नव्हतं, त्यांना गावोगाव व्याख्यानाची आमंत्रणं येऊ लागली. सेन्सेईंनी नवा कोट शिवला. व्याख्यानाचं नाव ठेवलं 'श्टोलहोफेन: एक तटबंदी, एक मन'. पडद्यावरच्या चित्रांत गुबगुबीत गालांचे शेतकरी हसत हसत फावडी चालवत होते आणि त्यांच्या बायका टोपल्यांतून पाव आणत होत्या. व्याख्यान १७०३ च्या विजयाशी संपायचं.

विभाताईंनी चित्रं पाहिली आणि त्यांच्या अंगावर शहारा आला.

"सेन्सेई, १७०७ कुठे आहे?"

"विभा-सान, व्याख्यान चाळीस मिनिटांचंच आहे," सेन्सेई हसून म्हणाले आणि बोटाला थुंकी लावून पुढचा कागद उलटला.

"आणि कुरणं? आणि ती वेठ?"

"लोकांना आता धीर हवा आहे."

विभाताई तेव्हाच काम सोडत्या तर ही गोष्ट घडलीच नसती. पण शाळामास्तरचे अर्ज अजून तीन खोके उरले होते आणि ते त्यांच्याशिवाय कोणी वाचणार नव्हतं. म्हणून त्या राहिल्या. दर व्याख्यानाला पडद्यावरची चित्रं बदलायला सेन्सेईंच्या शेजारी बसायच्या आणि दर वेळी स्वतःचीच किळस घेऊन घरी यायच्या. "मी चोराचा कंदील धरते," असं त्या नंदकिशोरला म्हणत.

२०१३ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाडीचं आमंत्रण कंपनीमार्फत आलं. निघायच्या सकाळी कश्मिराने, म्हणजे त्यांच्या पंधरा वर्षांच्या लेकीने, बूट घालता घालता अर्ध्या जपानीत सांगितलं, "आई, प्लीज, तिथे काही बोलू नकोस हं. कूकी वाच." कूकी म्हणजे हवा. समोरच्यांच्या मनात काय चाललंय ते न विचारता ओळखायचं, ही इथल्या पोरांना शाळेत पहिल्यांदा येणारी विद्या. विभाताई म्हणाल्या, "मी पुस्तकं वाचते. हवा वाचायला मी वेधशाळेत नाहीये."

वाडीत बावन्न घरं उरली होती, सगळी डोंगराच्या कुशीतल्या तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्यांत. व्याख्यान दुसऱ्या दिवशी होतं. सेन्सेई कंपनीच्या माणसांबरोबर शहरातल्या हॉटेलात उतरले. विभाताईंची सोय किकुची-सान नावाच्या बाईंकडे झाली. साठीच्या, बुटक्या, हातांना कालवं सोलून सोलून पडलेले घट्टे. त्यांचा नवरा आणि घर दोन्ही लाटेने नेलं होतं. त्यांनी विभाताईंसाठी मुद्दाम मासे न घातलेलं सूप केलं होतं, आणि ते करताना दोनदा फोन करून विचारलं होतं.

दुपारी त्यांनी विभाताईंना खाडी दाखवली. डोंगरातला ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथेच त्यांची कालवं वाढत. भिंत झाली तर ओढा नळातून येणार होता, वाळू जाणार होती आणि कालवं संपणार होती.

"म्हणजे तुम्हाला भिंत नकोय?" विभाताईंनी विचारलं.

किकुची-सान घराच्या दिशेने वळल्या. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून एक कागद काढला. त्यावर लाल शिक्के होते. इथे सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का उठवतात. बावन्न घरांचे बावन्न शिक्के. 'आम्ही सगळे वर डोंगरावर घरं बांधू, भिंत नको,' असा अर्ज होता. सगळी वाडी एकमताची असेल तर भिंत रद्द करू, असं प्रांताच्या कचेरीने कबूल केलं होतं. एकही घर फुटलं तर मूळ आराखडा, चौदा मीटरची भिंत. मुदत उद्याची. उद्या व्याख्यान होईल, लोक टाळ्या वाजवतील, आणि मग वाडीचे अध्यक्ष हा कागद अधिकाऱ्यांच्या हातात देतील.

"हे शिक्के गोळा करायला किती दिवस लागले?"

"अकरा महिने." किकुची-सानने एका शिक्क्यावर बोट ठेवलं. "त्यांतले सात ह्या एका घराला. ओइकावा-सान. त्यांना भिंत हवी होती."

"का?"

किकुची-सानने कागद घडी करून ठेवला. मग सावकाश सांगितलं. वाडीला आधीही एक भिंत होती, पाच मीटरची. त्या दिवशी ओइकावा-सानची दोन नातवंडं डोंगराकडे पळत होती. म्हाताऱ्याने त्यांना हाक मारून परत बोलावलं. घरातच बसा, भिंत आहे, म्हणून सांगितलं. आणि स्वतः होडी वाचवायला ती घेऊन खोल समुद्रात गेला, म्हणून वाचला. "ती भिंत बुटकी होती, एवढीच चूक झाली, असं त्यांचं म्हणणं आहे. उंच असती तर मुलं राहिली असती. त्यांच्यासमोर ह्यावर कोणी काही बोलत नाही. मी सात महिने त्यांच्याकडे जायची ती नुसतं लोणचं द्यायला. उद्या फक्त ऐकायचं, विभा-सान. उद्या शांतपणे होऊ दे."

विभाताईंनी मान डोलावली. मनात मात्र त्या म्हणाल्या, शी! सात महिने लोणचं घेऊन जायचं आणि खरं एकदाही बोलायचं नाही. ही कसली भित्री माणसं! त्या रात्री त्यांना झोप लागली ती असल्या विचारातच.

दुसऱ्या दिवशी सभेच्या खोलीत रॉकेलची शेगडी पेटलेली, ओल्या कोटांचा कुबट वास, घडीच्या खुर्च्यांवर सगळी वाडी. पहिल्या रांगेत कचेरीचे दोन अधिकारी आणि कंपनीचा माणूस, तो सारखा रुमालाने मान पुसत होता. ओइकावा-सान तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसले होते. वाळलेला, ताठ, टोपी मांडीवर घेतलेला म्हातारा.

सेन्सेईंनी सुरुवात केली. गुबगुबीत शेतकरी हसले, बायकांनी पाव आणले, १७०३ चा विजय झाला. लोक शांतपणे ऐकत होते, म्हाताऱ्या माना डोलावत होत्या. त्यांच्यातल्या एकालाही ह्या जर्मन तटबंदीशी कर्तव्य नव्हतं. पाहुणा बोलतोय तोवर बोलू द्यायचं आणि मग आपलं काम करायचं, एवढंच. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. विभाताईंना फक्त सेन्सेईंची थुंकी लावलेली बोटं दिसत होती.

शेवटी सेन्सेई म्हणाले, "त्या शेतकऱ्यांनी तटबंदीवर विश्वास ठेवला, आणि तटबंदीने त्यांना राखलं." आणि टाळ्या सुरू झाल्या.

विभाताई उभ्या राहिल्या. पुण्यात सभा असते ती प्रश्न विचारण्यासाठी. व्याख्यान संपलं की कोणीतरी उठतो, वक्त्याची सालं काढतो, आणि घरी जाताना सगळे म्हणतात, आज मजा आली. विभाताईंना ह्यापलीकडची सभा माहीतच नव्हती. इथे सभा असते ती आधीच ठरलेलं मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी, हे सात वर्षांत त्यांना शंभर जणांनी सांगितलं होतं आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

"सेन्सेई, १७०७ सांगा," त्या म्हणाल्या. टाळ्या थांबल्या. "नाही सांगत? मी सांगते. हे कागद मी वाचलेत, ह्यांनी नाही." आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या जपानीत, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, त्यांनी सगळं सांगितलं. वेठ सांगितली, कुजलेली कुरणं सांगितली, तोफा टाकून पळालेले शिपाई सांगितले. चार वर्षांची किळस एकदम बाहेर पडत होती आणि त्यांना फार बरं वाटत होतं. "त्या लोकांना सांगितलं, घरं सोडू नका, तटबंदी आहे. त्यांनी सोडली नाहीत. मेले! ज्यानं हे सांगितलं त्यानं त्यांना मारलं, फ्रेंचांनी नाही. भिंत आहे, घरात बसा, असं जो सांगतो तो खुनी आहे!"

बोलून झालं तेव्हा शेगडीची फुरफुर ऐकू येत होती. सेन्सेई पडद्याकडे बघत होते. किकुची-सानने डोळे मिटून घेतले होते. ते पाहिल्यावर आपण काय बोललो हे विभाताईंच्या ध्यानात आलं.

तिसऱ्या रांगेत ओइकावा-सान उठले. त्यांनी टोपी खुर्चीवर ठेवली, अध्यक्षांकडे तोंड करून कमरेत वाकले आणि म्हणाले, "माझा शिक्का मी परत घेतो."

कोणी त्यांना अडवलं नाही. टोपी घेऊन ते बाहेर गेले. अध्यक्षांनी खिशातला कागद काढलाच नाही. अधिकाऱ्यांपैकी एकाने थोडा वेळ थांबून, अगदी नम्रपणे, वाडीचं एकमत झालेलं दिसत नाही, तेव्हा मूळ आराखड्याप्रमाणे काम सुरू होईल, असं सांगितलं आणि वहीत लिहून घेतलं. कंपनीच्या माणसाने रुमाल खिशात ठेवला. सगळ्यांनी उठून आपापल्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या.

खोलीमागच्या मोरीपाशी किकुची-सान चहाचे पेले धूत होत्या. विभाताई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. एक फडका घेऊन पेला पुसू लागल्या. पेले बावन्नाहून जास्त होते.

"किकुची-सान," विभाताई शेवटी म्हणाल्या. "मी खोटं काही बोलले नाही हो."

"नाही," किकुची-सान म्हणाल्या. "तुम्ही बोललात ते सगळं खरं आहे. आम्हाला ते माहीत होतं." त्यांनी नळ बंद केला. "म्हणून तर ते आम्ही कोणी बोललो नव्हतो."

आणि विभाताईंच्या हातातला पेला आणि फडका त्यांनी हळूच काढून घेतला.